खाद्यपदार्थांची आयात: कोणता परवाना, कुणाकडून आणि कधी

न्हावाशेव्याच्या सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर गोदामात) खाद्यपदार्थांचा कंटेनर अडकून पडतो, तेव्हा आयातदाराकडे परवाना नाही असं क्वचितच असतं. परवाना असतो. पण फायटो सर्टिफिकेटवर (माल कीडमुक्त असल्याच्या निर्यातदार देशाच्या सरकारी दाखल्यावर) फ्यूमिगेशनचा, म्हणजे कीड मारण्यासाठी दिलेल्या धुरीचा, शेरा नसतो, किंवा छापील लेबलवर उत्पादनाची तारीख नसते, किंवा सॅनिटरी परमिटची (प्राणिजन्य मालाच्या आयात परवानगीची) तारीख जहाज निघाल्यानंतरची असते. यातलं काहीच इथे बसून दुरुस्त होत नाही. म्हणून पुढची माहिती खात्यांच्या यादीप्रमाणे न देता ज्या क्रमाने कामं करायची त्या क्रमाने दिली आहे. यातली बहुतेक कामं माल परदेशी बंदरातून निघण्याआधीची आहेत.

आधी पदार्थ कायद्यात कुठे बसतो ते शोधा

पुरवठादाराला आगाऊ रक्कम पाठवण्याआधी पदार्थाचा आठ अंकी आयटीसी-एचएस कोड, म्हणजे आयात-निर्यातीतला वर्गीकरण क्रमांक, पक्का करा. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) आयात धोरणात त्या कोडसमोर माल मुक्त, प्रतिबंधित, बंदी घातलेला की सरकारी संस्थेमार्फतच आणण्याचा, हे लिहिलेलं असतं. शेजारचा अटींचा रकानाही वाचा, खरी मेख तिथेच असते. सफरचंदाचंच बघा. कोडसमोर आयात मुक्त दिसते, पण मे २०२३ च्या अधिसूचनेनुसार सीआयएफ किंमत (माल, विमा आणि भाडं मिळून) किलोला ५० रुपये किंवा त्याहून कमी असेल तर आयातीला बंदी आहे, अपवाद फक्त भूतानचा. सुपारीसाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये हीच किमान किंमत किलोला ३५१ रुपये केली गेली. स्वस्तात सौदा जमला म्हणून खूश झालेला व्यापारी नेमका इथे अडकतो. चीनमधून दूध आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यावर २००८ पासून बंदी आहे आणि तीत दूध असलेली चॉकलेटंही येतात. गोमांस कोणत्याही स्वरूपात आणता येत नाही.

मग एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, याच्या नजरेने पदार्थ तपासा. इथे तीन शक्यता असतात. पदार्थाचं मानक नियमांत लिहिलेलं असेल (मध, ऑलिव्ह तेल, चीज वगैरे), तर त्या मानकाशी प्रयोगशाळेचा अहवाल जुळवून बघायचा. मानक नसेल पण सगळे घटक मान्य असतील, तर तो प्रोप्रायटरी फूड ठरतो. आणि घटकच भारतात मान्य नसेल, म्हणजे एखादा नवा वनस्पती-अर्क, नवं एन्झाइम, नवी प्रक्रिया, तर तो पदार्थ ‘नॉन-स्पेसिफाइड’ ठरतो. त्याला २०१७ च्या स्वतंत्र नियमांखाली एफएसएसएआयच्या मुख्यालयाची आगाऊ मंजुरी लागते. ही मंजुरी बंदरावरचा अधिकारी देऊ शकत नाही, आणि ती हातात नसताना माल मागवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

पुरवठादाराकडून घटकांची संपूर्ण यादी मागवा, अ‍ॅडिटिव्हच्या आयएनएस (आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांकांसह आणि प्रमाणासह. ‘परमिटेड इमल्सिफायर’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. बेकरीच्या इम्प्रूव्हरमध्ये पोटॅशियम ब्रोमेट काही देशांत अजूनही चालतं, भारतात ते २०१६ पासून बंद आहे. औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे. क्रीम भरलेली बिस्किटं आणि टॉपिंग यांच्या बाबतीत हा आकडा कारखान्याकडून लेखी घ्या.

आयईसी

इम्पोर्टर-एक्स्पोर्टर कोड (आयईसी) डीजीएफटीच्या पोर्टलवर ५०० रुपये भरून मिळतो. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला धनादेश एवढ्यावर काम होतं, आणि पॅन क्रमांकच आयईसी म्हणून चालतो. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: दर वर्षी एप्रिल ते जून या काळात आयईसीची माहिती पोर्टलवर पुन्हा पुष्ट करावी लागते. काही बदललं नसलं तरी. विसरलात तर कोड निष्क्रिय होतो आणि ते कळतं बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सकडचं आयातीचं घोषणापत्र) भरताना.

एफएसएसएआयचा आयात परवाना

आयातदाराला नेहमी केंद्रीय परवाना लागतो, उलाढाल कितीही लहान असो. लहान उलाढालीची साधी नोंदणी इथे चालत नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळालेला परवानाही आयातीसाठी उपयोगाचा नाही. तुमचं उपाहारगृह किंवा कारखाना आधीपासून राज्य परवान्यावर चालत असला तरी आयातदार म्हणून वेगळा केंद्रीय परवाना घ्यावा लागतो.

अर्ज एफएसएसएआयच्या फोसकोस या परवाना पोर्टलवर, फॉर्म बी मध्ये. व्यवसायाचा प्रकार ‘इम्पोर्टर’ निवडायचा. सोबत आयईसी, कंपनीची किंवा भागीदारीची कागदपत्रं, संचालकांची यादी आणि ओळखपत्रं, जबाबदार व्यक्तीच्या नेमणुकीचा फॉर्म नऊ, जागेचा पुरावा आणि अन्नसुरक्षा व्यवस्थापनाचं घोषणापत्र. केंद्रीय परवान्याचं शुल्क वर्षाला ७,५०० रुपये असं आकारलं जात आलं आहे. मिळणारा क्रमांक चौदा अंकी असतो आणि केंद्रीय परवान्याचा आरंभ १०० ने होतो.

अर्ज परत येण्याची दोन कारणं सतत दिसतात. एक म्हणजे पत्ता. आयईसीवर ‘गाळा क्र. ७’ आणि अर्जात ‘शॉप नं. ७’ एवढ्या फरकावरही शंका काढली जाते. आधी आयईसीतला पत्ता दुरुस्त करा, मग अर्ज करा. दुसरं कारण खाद्यप्रकाराची निवड. सुकामेवा आणायचा म्हणून तेवढाच प्रकार निवडला आणि पुढे चॉकलेट मागवलं, तर आधी परवान्यात बदल करून घ्यावा लागतो. पुढच्या वर्षभरात जे आणायचा विचार आहे ते सगळे प्रकार सुरुवातीलाच टाका.

गोदाम वेगळ्या पत्त्यावर असेल तर त्या जागेला साठवणुकीचा स्वतंत्र परवाना लागतो. आयात परवाना कार्यालयाच्या पत्त्यावर असतो, तो भिवंडीच्या गोदामाला लागू होत नाही.

साठ दिवसांत निर्णय झाला नाही तर व्यवसाय सुरू करता येतो अशी तरतूद कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे. आयातदाराने तिच्या भरवशावर राहू नये, कारण बंदरावरच्या प्रणालीत परवाना क्रमांक भरावाच लागतो.

विलगीकरण खात्यांचे परवाने: इथे सर्वांत जास्त नुकसान होतं

वनस्पतिजन्य माल, म्हणजे धान्य, कडधान्य, ताजी फळं, सुकामेवा, मसाले, हा २००३ च्या प्लँट क्वारंटाइन आदेशाखाली येतो. आदेशाच्या परिशिष्टांत कोणता माल कोणत्या देशातून कोणत्या अटींवर येऊ शकतो ते दिलं आहे. परिशिष्ट सहामधल्या मालाला आधी आयात परमिट लागतं आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवर ठरलेल्या शब्दांत अतिरिक्त घोषणाही लागते. परिशिष्ट सातमधल्या मालाला परमिट लागत नाही, फायटो मात्र लागतंच. यादीत तुमचा माल आणि देश यांची जोडीच नसेल तर आधी कीड-जोखीम विश्लेषण होतं. ते लांबलचक काम आहे, त्यामुळे अशा मालाचा सौदा लगेच करू नका.

‘ठरलेल्या शब्दांत’ हे अक्षरशः घ्या. समजा आदेशात एका विशिष्ट किडीपासून माल मुक्त असल्याची घोषणा आणि मिथाइल ब्रोमाइडचं फ्यूमिगेशन मागितलं आहे. फायटोवर किडीचं शास्त्रीय नाव हवं. फ्यूमिगेशनच्या चौकटीत रसायन, मात्रा, तास आणि तापमान हे चारही रकाने भरलेले हवेत. परदेशातले निरीक्षक पुष्कळदा ‘फ्री फ्रॉम पेस्ट्स’ असं मोघम लिहून मोकळे होतात. त्यामुळे मूळ प्रत निघण्याआधी मसुद्याचा फोटो मागवा आणि आदेशातल्या मजकुराशी शब्दन् शब्द ताडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

प्राणिजन्य मालाला, म्हणजे मांस, अंडी, अंड्याची पावडर, दूध आणि दुग्धजन्य पदार्थ यांना, १८९८ च्या लाइव्हस्टॉक इम्पोर्टेशन कायद्याखाली पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाचं सॅनिटरी इम्पोर्ट परमिट लागतं. ते माल जहाजावर चढण्याआधी हातात हवं. परमिटसोबत पशुवैद्यकीय प्रमाणपत्राच्या अटी जोडलेल्या असतात. त्या अटी निर्यातदार देशाच्या सरकारी पशुवैद्यकाने जशाच्या तशा प्रमाणित करायच्या असतात. दुधाच्या बाबतीत एक अट हमखास आडवी येते: ज्या जनावरांचं दूध वापरलं त्यांना रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या अवयवांपासून बनवलेला चारा दिलेला नसावा. असं प्रमाणपत्र प्रत्येक देश देत नाही. चीज आणणार असाल तर रेनेट (दूध गोठवायला वापरलेलं एन्झाइम) कुठला आहे हेही पहिल्याच पत्रात विचारा. इटलीच्या पार्मिजानो रेजानोत वासराच्या पोटातलं रेनेट वापरणं त्याच्या नियमावलीनुसार बंधनकारक आहे, त्यामुळे त्यावर हिरवं, म्हणजे शाकाहारी, चिन्ह लावण्याचा प्रश्नच येत नाही.

प्राणिजन्य माल कुठल्याही बंदरावर उतरवता येत नाही. विलगीकरण केंद्रं मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद इथे आहेत. मालवाहतुकीचा मार्ग त्यानुसार ठरवा, भाडं कुठे कमी पडतं त्यावरून नाही.

कारखान्याची नोंदणी आणि जीएम प्रमाणपत्र

१ फेब्रुवारी २०२३ पासून पाच प्रकारच्या खाद्यपदार्थांसाठी परदेशी कारखानाच एफएसएसएआयकडे नोंदलेला असावा लागतो: दूध व दुग्धजन्य पदार्थ, मांस, कोंबडी, मासे आणि त्यांचे पदार्थ, अंड्याची पावडर, बाळांचं अन्न, आणि न्यूट्रास्युटिकल (आरोग्यपूरक पदार्थ). कंपनी नोंदलेली असणं पुरेसं नाही. तुमचा माल ज्या पत्त्यावर बनतो तोच कारखाना यादीत आहे का ते बघा. मोठ्या कंपन्यांचे चार-पाच कारखाने असतात आणि त्यातला एखादाच यादीत असतो.

जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, पिकांविषयीचा एफएसएसएआयचा आदेश २४ पिकांना लागू आहे. त्यात सफरचंद, अननस, पपई, प्लम, बटाटा, टोमॅटो, मका, सोयाबीन, तांदूळ, गहू यांचा समावेश होतो. या पिकांच्या मालासोबत निर्यातदार देशाच्या सक्षम सरकारी यंत्रणेचं बिगर-जीएम प्रमाणपत्र लागतं. चुकून झालेल्या मिसळीची मर्यादा १ टक्का आहे. निर्यातदाराने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेलं पत्र चालत नाही.

लेबल: काय चिकटवता येतं आणि काय नाही

बाँडेड (कस्टम्सच्या ताब्यातल्या) गोदामात स्टिकर लावून फक्त मोजक्या गोष्टी पूर्ण करता येतात: आयातदाराचं नाव व पत्ता, एफएसएसएआयचं बोधचिन्ह व परवाना क्रमांक, शाकाहारी किंवा मांसाहारी चिन्ह, आणि प्रोप्रायटरी फूड असेल तर त्याचा प्रकार, सर्वसामान्य नाव, स्वरूप व घटकरचना. स्टिकर एकच असावा, सहज न निघणारा असावा आणि मुख्य दर्शनी भागाशेजारी लागावा. त्याने मूळ मजकूर झाकला तर तीच नवी हरकत होते.

घटकांची यादी, लॉट क्रमांक, तारखा या गोष्टी कारखान्यातूनच छापून यायला हव्यात. युरोपातला माल बहुतेक वेळा इथेच अडतो. तिकडच्या पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ तेवढं असतं, उत्पादनाची तारीख छापायची त्यांना गरज नसते. भारतात २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि एक्सपायरी किंवा यूज बाय या दोन्ही लागतात. बेस्ट बिफोर जास्तीचं म्हणून चालतं. उपाय सोपा आहे: कारखान्याच्या इंकजेट कोडरवर भारताच्या ऑर्डरपुरत्या तीन ओळी टाकायला सांगायच्या, उत्पादन, एक्सपायरी आणि लॉट. ऑर्डर अगदीच लहान असेल तर कारखाना कां-कू करतो, म्हणून हे किंमत ठरवतानाच बोलून घ्या. अमेरिकी मालावर महिना आधी आणि दिवस नंतर छापलेला असतो. ०४/०७ ही तारीख ४ जुलै की ७ एप्रिल, यावर गोंधळ नको असेल तर महिना अक्षरांत छापून घ्या.

लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवं. फक्त अरबी, कोरियन किंवा फ्रेंचमध्ये असेल तर भागत नाही. शाकाहारी चिन्ह म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा गोल. मांसाहारी चिन्ह आता तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असं आहे. जुन्या स्टिकरच्या फाइलमध्ये तपकिरी गोलच राहून गेलेला असतो, तेव्हा छापायला देण्याआधी तपासा.

किरकोळ विक्रीच्या पाकिटांवर वैधमापन कायद्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्कही लागतो. आयातदाराची या नियमांखालची नोंदणी वेगळी असते. एफएसएसएआयचं सगळं नीट करूनही या खात्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पुढे दुकानात माल जप्त होतो.

उरलेल्या आयुष्याचं गणित

आयातीच्या वेळी पदार्थाच्या एकूण टिकण्याच्या आयुष्यापैकी ६० टक्के किंवा तीन महिने, यातलं जे कमी असेल तेवढं शिल्लक हवं. पुष्कळ जण सरसकट ६० टक्के धरतात आणि चांगला माल नाकारतात. हिशेब असा: एकूण आयुष्य पाच महिन्यांपेक्षा जास्त असेल तर तीन महिन्यांची अट लागू होते, पाच महिन्यांपेक्षा कमी असेल तर ६० टक्क्यांची. अठरा महिने टिकणारं चॉकलेट एक्सपायरीला साडेतीन महिने असतानाही येऊ शकतं, विकणार कधी हा तुमचा प्रश्न. पण १०० दिवस टिकणाऱ्या चीजला पोचताना ६० दिवस शिल्लक हवेत, म्हणजे कारखान्यातून निघून बंदरात येईपर्यंत हातात फक्त ४० दिवस. समुद्रमार्गाने हे जमणं कठीण, विमानाचंच भाडं धरून किंमत काढा. एका कंटेनरमध्ये दोन लॉट असतील तर जुन्या लॉटवरून हिशेब करा.

बंदरावर

बिल ऑफ एन्ट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये. कस्टम ब्रोकर (आयातदाराचा कस्टम्समधला अधिकृत दलाल) आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर बिल भरतो, कागद तिथल्या ई-संचित प्रणालीवर चढवतो, आणि खाद्यपदार्थ असल्यास ते प्रकरण आपोआप एफएसएसएआयच्या आयात मंजुरी प्रणालीकडे जातं. जोखमीनुसार माल तपासणीसाठी निवडला जातो.

क्रम असा: कागदांची छाननी, शुल्क, तपासणीची वेळ, प्रत्यक्ष पाहणी, नमुने. पाहणीत अधिकारी लेबल, तारखा, कीड आणि पॅकिंगची स्थिती बघतो. या वेळी ब्रोकरचा अनुभवी माणूस सीएफएसमध्ये हजर हवा आणि कंटेनरमधला प्रत्येक लॉट समोर काढता येईल अशी मांडणी हवी. मागच्या रांगेतला लॉट निघत नाही म्हणून तपासणी पुढे ढकलली गेली की त्या दिवसाचं डेमरेज (जागा अडवल्याचं भाडं) आपलंच. गोठवलेल्या मालासाठी प्लगची सोय आणि तापमान नोंदवणारा डेटा लॉगर दोन्ही तयार ठेवा.

नमुन्याचे दोन भाग होतात. एक अधिसूचित प्रयोगशाळेत जातो, दुसरा फेरतपासणीसाठी सीलबंद राहतो. अहवालासाठी नियमाप्रमाणे पाच दिवस आहेत. सात दिवसांपेक्षा कमी टिकणाऱ्या मालाला अहवालाआधी तात्पुरतं ना-हरकत प्रमाणपत्र मिळू शकतं, पण अहवाल विरोधात गेला तर बाजारातून माल परत बोलावण्याची जबाबदारी आयातदाराची.

सुकामेव्यात प्रयोगशाळेत नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बुरशीने तयार केलेलं विष, अ‍ॅफ्लाटॉक्सिन. लगेच खाण्याच्या गिरीला (नट्सना) मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम, पुढे प्रक्रिया होणार असेल तर १५. या विषाचं प्रमाण गोणीगणिक बदलतं. पुरवठादाराने एकाच गोणीतून घेतलेला अहवाल स्वच्छ आणि इथला खराब, असं होतं ते त्यामुळेच. चढवण्याआधी अनेक गोण्यांतून एकत्र नमुना घ्यायला लावा.

माल नापास झाला तर

फेरतपासणीसाठी दिलेल्या मुदतीतच अर्ज करा, शुल्कासह. तो दुसरा सीलबंद भाग रेफरल प्रयोगशाळेत जातो आणि तिचा निकाल अंतिम. तेवढ्या दिवसांचं कंटेनरचं भाडं धरूनही फेरतपासणी परवडते का, हे आधी कागदावर मांडा. लहान मालाच्या बाबतीत पुष्कळदा परवडत नाही. अपयश कायम राहिलं तर माल परत पाठवणं किंवा नष्ट करणं हे दोनच मार्ग उरतात. म्हणून पुरवठादाराशी करार करतानाच एक कलम घाला: भारतीय मानकात माल नापास झाल्यास परतीचं भाडं आणि बिलाची रक्कम कोण सोसणार. हे कलम नंतर मागून मिळत नाही.

माल सुटल्यानंतर

प्रत्येक खेपेचं ना-हरकत प्रमाणपत्र, बिल ऑफ एन्ट्री, प्रयोगशाळेचा अहवाल आणि कोणता लॉट कुणाला विकला त्याची यादी एकत्र ठेवा. रिकॉलची, म्हणजे बाजारातून माल परत बोलावण्याची, वेळ आली तर शेवटचा कागदच कामाला येतो. वार्षिक विवरणपत्र डी-१ फोसकोसवर ३१ मे पर्यंत भरायचं, वर्षभरात एकही खेप आली नसली तरी. उशिराचा दंड दिवसाला १०० रुपये.